मुरवण

एप्रिलमध्ये या घरात दोन वास एकत्र नांदतात:
चुलीवर शिजणाऱ्या मेम्ब्रिशोच्या वड्यांचा,
आणि मागल्या खोलीत, अंधारात,
उलट्या टांगलेल्या सहा झाडांचा.

सहाच. सातवं लावलं तर गुन्हा.
पोस्टात जाऊन नाव नोंदवलंय मी, अंगठा दिलाय.
खिडकीतल्या पोरीनं विचारलं, कशासाठी, आजी?
मनगटांसाठी, म्हटलं.
चाळीस वर्षं शिवणयंत्र ओढलंय यांनी.
तिनं शिक्का मारला.
एवढंच होतं ते. एवढंच.

खोली डार्विनची.
खिडकीला जुनी वर्तमानपत्रं डकवलीत, उजेड नको म्हणून.
त्याच्या पलंगावर चढून मी दोऱ्या बांधल्या.
भिंतीवरच्या फुटबॉल संघाचे अकराही जण
तेव्हापासून फांद्यांआडून डोकावतायत.
पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवलाय,
थेट वारा लागता कामा नये;
घाईनं वाळलेलं वरून कुरकुरीत, आत ओलं.
(माणसांचंही तसंच, असं माझी बहीण म्हणायची.
तिला प्रत्येक गोष्ट माणसांना लावायची खोड होती.)

चार दिवस नुसता कापल्या गवताचा वास.
सहाव्या दिवशी गोठ्याचा. वाटलं, गेलं सगळं फुकट.
दहाव्या दिवशी काडी वाकवली, वाकली.
अकराव्या दिवशी वाकली.
बाराव्या दिवशी
कट्.

मग कात्री, बोटांना तेल, मांडीवर परात.
तरी चीक नखांत बसतोच,
पावाला लागतो, दाराच्या मुठीला लागतो,
रविवारी चर्चमध्ये शेजारणीनं नाक वळवलं
आणि मग, जरा थांबून, माझ्याकडे सरकून बसली.

बरण्या मुरंब्याच्याच, उकळून, पालथ्या घालून कोरड्या केलेल्या.
पाऊण भरायच्या. रोज सकाळी झाकण काढायचं,
येर्बाचा पहिला घोट होईतो श्वास घेऊ द्यायचा,
परत घट्ट लावायचं.
काल खडखडीत वाजत होतं
ते आज हाताला दमट लागतं.
गाभ्यात कुठेतरी पाणी मुरत असतंच.

सत्त्याण्णव साली त्याच्या खिशात सापडलं होतं
ते काड्यापेटीत मावलं असतं.
एकोणतीस तारीख होती. ताटात न्योकी,
ताटाखाली नशिबासाठी ठेवलेली नोट.
दोन घरं सोडून राहणारा हवालदार ओलासाबाल,
ज्याच्या लेकीचा कम्युनियनचा पांढरा झगा मी शिवला होता,
दारात उभा राहून म्हणाला, जेवण होऊ दे त्याचं.
डार्विननं एकही घास खाल्ला नाही.
अकरा महिने. मग वालेन्सिया.
तिथे तो लोकांच्या न्हाणीघरात फरश्या बसवतो,
आणि फोनवर मला सांगतो, आई, बुरशीवर लक्ष ठेव,
पांढरं काही दिसलं तर अख्खी बरणी टाकून दे,
जीव अडकवू नकोस.

काल ओलासाबाल कुंपणाशी आला.
टोपी हातात. कंबरेचं हाड झिजलंय त्याचं,
दोन घरांचं अंतर चालायला त्याला
माझ्या वड्या आळेपर्यंत वेळ लागला असेल.
वास रस्त्यापर्यंत जात होताच.
त्याचं नाक तेव्हाही तिखट होतं.
म्हणाला, सेन्योरा नाइर, ऐकलं की तुम्ही मलम...
पुढचं त्याला बोलता येईना.
मी हात पुसत राहिले. पुसून झाले होते, तरी.

अजून मुरलं नाही, म्हटलं.
किती दिवस लागतील?
रोज उघडून बघते, म्हटलं.

त्यानं मान हलवली. टोपी घातली.
फाटकापर्यंत गेला, तिथे दम खायला थांबला,
आणि मी चक्क मोजत उभी राहिले किती वेळ थांबतोय ते.
आत वड्यांचं पातेलं बुडाला लागलं होतं.

खरवडलं. मग बरण्या काढल्या ओळीनं.
सातव्या बरणीत आज पहिल्यांदा
लिंबाच्या सालीचा वास आला.
सगळ्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या आहेत.
हिच्यावर मी नाव लिहायला घेतलं,
पहिलं अक्षर काढलं,
आणि पेन्सिलीला टोक करायला उठले.