चोवीस कड्या

वार्दोत सूर्य एकदा गेला की जानेवारीतच उगवतो.
दिव्याखाली राग्नफ्रीड लाल कापड मांडीवर ओढते,
पितळी कड्या मोजते. चोवीस.
डिसेंबरच्या एकेका सकाळी एकेक पुडी,
नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत.

कचेरीतली बाई फोनवर म्हणाली होती,
"मुलगी बहुधा बारा तारखेपर्यंतच राहील तुमच्याकडे.
नक्की काही सांगता येत नाही."
मग बाराच कड्या लावायच्या?
छे. अर्धा डिसेंबर कुणी शिवतं का!

सुन्निवा टेबलाखाली बसलीय, बुटांसकट.
चार दिवसांत तीन शब्द बोलली :
नको, नको, आणि दूध.

कापडाचा वरचा काठ उजेडात धरला
की दिसतात बारीक भोकं.
आस्लाक. त्याच्याही आधी यूरुन.
निघताना त्यांच्या नावाचा दोरा उसवून
ज्याचा त्याच्या खिशात घातला होता तिने.
भोकं राहिली.

यंदा टाके ढिले घालायचे, असं ठरवून बसली होती,
उसवायला सोपे.
पण रेनडियरच्या शिंगांपाशी आला
आणि हात आपोआप घट्ट झाला.

टेबलाखालून एक बोट वर येतं,
सतराव्या कडीत शिरतं, अंगठी घातल्यासारखं.
"हिच्यात काय?"
"अजून ठरलं नाही."
बोट तिथेच राहतं.

राग्नफ्रीड दोरा ओवू पाहते, जमत नाही,
चष्मा शोधते. तो डोक्यावरच.
मग खाली वाकून विचारते,
"तुझ्या नावात 'न' दोनदा येतो ना गं?"