भुलीच्या आधी

दर मंगळवारी एसटीनं मी दारव्ह्याला येते.
पिशवीत डबा, छत्री,
आणि नागपूरच्या दोन दिवसांच्या शिबिरात
शिकून आणलेला एक आवाज.
इथं नावानं मला कुणी ओळखत नाही.
भुलीची बाई म्हणतात.

त्या मंगळवारी उकंडाजी ढोके, वय अडुसष्ट,
अंतर्गळ, उजवीकडचा.
दोनदा टेबलावरून परत गेलेले:
एकदा वरचा दाब एकशे नव्वद म्हणून,
एकदा स्वतःच,
हिरव्या गाऊनमध्ये, अनवाणी,
थेट पेट्रोल पंपापर्यंत.

मी स्टूल ओढलं. आवाज खाली आणला.
डोळे मिटा, उकंडाजी. तुम्ही समुद्रकिनारी बसला आहात.
त्यांनी एक डोळा उघडला.
"समुद्र पाह्यला नाही ना बाई म्या.
खारा असते म्हन्तेत."
बरं. मग पायऱ्या आहेत. दहा. एकेक उतरायची.
"हिरीच्या का?"
मी हो म्हटलं. मला काय ठाऊक.
"हिरीतूनच तं काढलं व्हतं भावाले."
पडद्यावरचा आकडा दोनशेवर गेला.

मग आम्ही दोघंही गप्प.
सक्शनचं यंत्र तेवढं घरघरत होतं
आणि टेकाम ब्रदर त्याला
मधूनमधून लाथ घालत होते.

"तुमचंबी उतरवनंच दिसते,"
ते छताकडे बघत म्हणाले.
"मी इचू उतरवतो. चाळीस वर्सं झाले.
सारे वाचले. एक पोरगी सोडून."

कसा उतरवता? मी विचारलं.
खरंच विचारलं, शिबिरात शिकवलं तसं नव्हे.

"लिंबाची डहाळी घ्याची. मांडीपासून खाली.
घाई नाही कराची. एका सुरात बोलाचं.
घुडग्यावर आला म्हनाचं,
मंग पोटरीत, मंग घोट्यात.
लेकरू रडते. रडू द्याचं.
पन त्याले वाटलं पाह्यजे
का कोनीतरी आपल्यासंगं उतरून रायलं."

डहाळी नव्हती. हातमोजा होता.
मांडीवर हात ठेवून मी म्हटलं,
गुडघ्यावर आला.
"घुडग्यावर," त्यांनी सुधारलं.
घुडग्यावर आला.
पोटरीत आला.
त्यांचे ओठ हलू लागले, अगदी हळू,
दाढेखाली सुपारी धरल्यासारखे.
एकशे सत्तर.
एकशे बावन्न.
टेकामांनी त्यांना कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी,
पाठीचा मणी न् मणी मोकळा झाला,
आणि सुई आत गेली तेव्हा
ते घोट्यापाशी होते.

"आता चढून रायलं," झोपाळू आवाजात म्हणाले,
"पायाकून वर. ऊन ऊन.
तुमचं उलटं हाय बाई."
हो. आमचं चढतं.
टाके पडेस्तोवर ते घोरत होते.

घरी जायच्या दिवशी टोपी सारखी करत म्हणाले,
"मंत्र तुमच्यापुढं बोललो म्या.
गिरनात घेतला व्हता. दुसऱ्याच्या कानावर गेला
का वाया जाते.
जाऊ द्या."
मी सांगणार होते
की त्या यंत्राच्या घरघरीत
मला एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं.
पण ते वळले होते,
टाके सांभाळत, दवाखान्याच्या तीन पायऱ्या
एकेक उतरत.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात एक पोरगा आणला.
नऊ वर्षांचा, घामानं थबथबलेला,
उजव्या पायाचा अंगठा.
"उकंडाबुवानं हातच नाही लावला जी,"
आई सांगत होती, अजून रागात.
"म्हने माह्याच्यानं आता उतरत नाही,
दवाखान्यात न्या, आत्ता न्या.
आटोचे पैसे बी त्यानंच देल्ले."

गोळी दिली. सलाईन लावलं.
दाब, नाडी, श्वास, दर पंधरा मिनिटांनी.
पोरगा ओरडत होता.
ओरडू दिलं.
मग स्टूल ओढलं, हातमोजा काढला,
आणि त्याच्या मांडीवर हात ठेवून म्हटलं,
घुडग्यावर आला.