सोळा रात्री

म्हापशाच्या मामलेदार कचेरीत
क्लार्कबाई बोट ओलं करून कागद मोजतात.
करारपत्रं सगळी अकरा-अकरा महिन्यांची.
"हांगा एक दीस ना," त्या म्हणतात.
पान उलटतात. "हांगाय ना."
पंधरा वर्षांत सोळा दिवस
मंजुळा भरमाणा तुपारे, मूळ राहणार तालुका चंदगड,
गोव्यात नव्हती.

मग कुठे होते मी?

खोली धुळेरला, आन्तोनेतबाईंच्या घरामागे.
पूर्वी तिथे नारळ साठवायचे,
पहिलं वर्षभर उशीला सोडणांचा वास.
वकिलाने त्यांना बजावलेलं,
भाडेकरणीला सलग बारा महिने देऊ नको,
मुळं धरेल.
म्हणून करार सरला की एक रात्र
किल्ली त्यांच्या हातात, दाराला त्यांचं कुलूप,
आणि मी वळकटी घेऊन अंगणात.

पहिल्यांदा म्हटलं, कदंबाच्या स्टँडवर बसते,
सकाळी येते.
त्यांनी चष्मा काढला. "पिशी जाली गो?"
आणि सालात, आल्तारासमोर, गादी घातली.
रात्रभर तो लाल बारीक दिवा माझ्या डोळ्यावर.

ती रात्र दर वर्षी महिनाभर अलीकडे सरकायची.
एकदा मे महिन्यात आली,
आम्ही दोघी फरशीवर ओलं फडकं टाकून पडलो.
एकदा ऐन चवथीत. मला रजा नव्हती,
लॅबमध्ये डेंग्यूचे नमुने रांगेत.
बाईंनी त्या दिवशी मासळी घेतली नाही,
शेजारच्या गांवकारांकडून
वाडगाभर मुगागाठी मागून आणली
आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या
चूक काढायला की काय, कळलं नाही.

एकदा नाताळ उलटल्यावर.
स्विंडनहून सावियोचा फोन.
"मम्मा, म्हजें काम जालें. आतां हांगाच."
त्यालाही तिकडे विचारलं होतं म्हणे,
कुठला महिना कुठे होतास, पुरावा दाखव.
"बरें जालें पुता," त्या म्हणाल्या, दोनदा.
मग टेबलावरची तिसरी बशी
पुसलीच होती, तरी पुन्हा पुसून
कपाटात ठेवली.

तर सोळा दिवस.
मी क्लार्कबाईंना काय सांगणार?
आन्तोनेतबाई स्वतःच आल्या,
मिसेला नेसतात तो निळा झगा, छत्री, धाप.
"त्यो सोळाय राती ती म्हज्या घरांत न्हिदल्ली. बरय."
"भाडें घेतलें?"
"सोयऱ्यांकडल्यान कोण भाडें घेता गो?"
क्लार्कबाईंनी मान खाली घातली
आणि प्रतिज्ञापत्राचा नमुना पुढे सरकवला.

दाखल्यावर लिहिलंय, सलग.
मी तो शब्द घरी येईपर्यंत
पिशवीत तीनदा उघडून पाहिला.

महिन्याभराने ऑर्डर.
प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कायम.
आईचा फोन आला तेव्हा
काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरत होते.
"म्हणजे आता तू तिथलीच काय गं?"
म्हटलं, थांब, वाळेल हे, मागाहून बोलते.
मागाहून बोललेच नाही नीट.
आणि ऑर्डरच्या खालच्या ओळीत,
जी मी दुसऱ्या दिवशी वाचली:
नेमणूक, काणकोण.
राज्याचं दुसरं टोक.
कायम माणसाची बदली होते,
हे मला कंत्राटात कुणी सांगितलं नव्हतं.

काल सामान बांधलं. दोन ट्रंका, मिक्सर,
पंधरा वर्षांत एवढंच, आणि एक अबोलीची कुंडी
जी टेम्पोवाला नेणार नाही म्हणतो.
किल्ली द्यायला गेले.
कराराचे अजून चार महिने शिल्लक होते.
बाईंनी किल्ली घेतली, तळहातावर तोलली,
खिळ्याला लावायची तशी लावली नाही.
बाहेर टेम्पोचा हॉर्न दोनदा वाजला.
"सांग त्याका, फाल्यां यो," त्या म्हणाल्या,
आणि स्वयंपाकघराकडे वळता वळता,
"जेवपाक कितें करूं?"