पासंग

मल्हारगंज शाखा, एकतीस मार्च, रात्रीचे सव्वानऊ.
भांडवल भागिले जोखीमभार:
अकरा पूर्णांक सत्त्याऐंशी.
हवेत बारा.

बाझलनं म्हणे आठच सांगितले होते.
मुंबईला पोचेतो त्यांचे नऊ झाले,
आमच्या गल्लीत शिरताना बारा.
लांबून आलेली गोष्ट अशीच फुगत येते.

जोखीमभार म्हणजे कोण किती जड.
सरकारी रोखे: शून्य.
तिजोरीतली रोकड: शून्य
(नाण्यांची पोती उचलून रामभरोस शिपायाची
कंबर गेली, ते वेगळं).
अनोखीलाल राठौर, शेव-गाठिया, छत्रीपुरा:
शंभर.

माझे वडील सियागंजात तोलारी होते.
हळदीनं पिवळी झालेली नखं.
माल चढवण्याआधी रिकामी पारडी निरखायचे,
हलकं असेल त्याच्या दोरीला खडा बांधायचे.
म्हणायचे, आधी काट्याचं खोटं काढ,
मग मालाचं.

राइनकाठच्या त्या लोकांनी
खान नदी पाहिलेली नाही,
पाहिली तर नाक धरतील.
तरी मला त्यांचा राग येत नाही नीट.
तिकडंही एक बँक बुडाली होती चुहात्तर साली,
दुपारी शटर ओढलं
आणि समुद्रापलीकडे लोक पैशांची वाट बघत राहिले.
आमच्या नाक्यावरची बुडाली तेव्हा मी पाचवीत.
तिथं सगळं ओळखीवर तोलायचे.
संचालकाच्या मेव्हण्याला वजनच नव्हतं.
आईच्या एकोणीस हजारांचं पासबुक उरलं,
मागच्या कोऱ्या पानांवर आम्ही
दुधाचा हिशेब लिहीत गेलो.

खासगीवाले साहेब चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
नऊ फायली एप्रिलवर ढकल, होतात बारा.
ढकलल्या.
सातवी अनोखीलालची: बेसन, तेल, चार लाख.
दुपारीच येऊन गेला होता.
अठरा वर्षांत एक हप्ता चुकला बाईजी,
म्हणाला, तोही तुमचा संप होता म्हणून.

बारा पूर्णांक शून्य दोन.
पडद्यावरची चौकट हिरवी झाली.
कुणीतरी टाळी वाजवली, एकच.

घरी जाताना छत्रीपुऱ्याकडून गेले,
का ते विचारू नका.
दुकान उघडं होतं. फाईलचं त्यानं विचारलं नाही,
मीही काढलं नाही.
पाव किलो लवंग शेव मागितली.
रिकाम्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर
चार ग्रॅम दिसत होते.
तो म्हणाला, याला सवयच आहे,
आणि शेव ओतत गेला
दोनशे चोपन्नापर्यंत.
मग वर एक मूठ, न मोजता.

पिशवी हातात घेऊन मी उभी राहिले.
त्या मुठीसाठी
आमच्याकडे रकाना नाही.