जर, तर, नाहीतर

देवगडात, जाळ्यांच्या दुकानावरच्या खोलीत
पडद्यावर रस्ता पसरून बसलेय.
आई फोनवर विचारते, काय करतेस गं दिवसभर?
जर-तरच्या गोष्टी, मी सांगते.
तिला वाटतं थट्टा.
बाबांना तिनं जन्मभर ऐकवलंय,
जर-तरनं चूल पेटत नाही.
माझी पेटते. महिन्याच्या एक तारखेला,
कधी सातला.

जर जमीन रस्त्याहून उंच, तर खोद.
जर खोदाई सहा मीटरांवर गेली, तर मध्ये पायरी सोड.
जर जांभा लागला, तर उतार उभा चालेल,
तो स्वतःला धरून राहतो.
जर त्याखाली शेडी माती लागली, तर भिंत घाल,
आणि भिंतीच्या भरवशावर झोपू नकोस
(हे शेवटचं सॉफ्टवेअरला सांगता येत नाही).
जर जमीन खाली, तर भर.
जर दहा मीटरांत कुणाचा गडगा सापडला,
तर भराव त्याच्या अलीकडेच टेकव.
नाहीतर...
नाहीतरच्या चौकटीत मी काहीतरी लिहितेच.
रिकामी सोडली की रस्त्याला भोक पडतं.

तरी पडलं.
साखळी चौदा-तीनशेवीसपासून अकरा मीटर
बाजूपट्टी संपते आणि पुढं
ना उतार, ना गटार, नुसता काळा पडदा,
हसताना पडलेला दात दिसावा तसा.
अख्खी संध्याकाळ शोधत होते.
मग कळलं, तिथं जमीन आणि रस्ता
एकाच उंचीवर. दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत एकाच.
मी विचारलं होतं, वर का? खाली का?
कुणी बरोबरीचं भेटेल
हे मनातच आलं नव्हतं.

अन्वर पडवेकरला फोन लावला, सर्वे त्याचा.
काय आहे रे तिथं?
वाऱ्यात आधी काही ऐकूच येईना. मग,
"तां? तां खळां, मॅडम.
चंद्रभागा वायंगणकरीण सारवता.
दिवाळीक भात झोडतत, वैशाखात सोलां सुकत घालतत.
पाणी ओतून लेवल बघतत ती लोकां,
माझ्या यंत्रापेक्षा बरी."

इलाज सोपा होता.
'मोठं'च्या जागी 'मोठं किंवा समान',
चिन्हाखाली एक आडवी रेघ.
भोक बुजलं.
तक्त्यात आलं: खोदाई शून्य, भराव शून्य.
कागदावर त्या खळ्याला
काही म्हणता काही होत नाही.