दोनशे चौऱ्याण्णव

बुधवारी रात्री नवानंतर
गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर आम्ही जमतो,
पाचजण. कधी चार.
धार ग्लासात पडेपर्यंत कुणी बोलत नाही,
असा नियम कुणी केला नाही, पण आहे.
मग मिशीवरचा फेस तसाच ठेवून
हिंदुराव विचारतात,
‘हं, काय वाचायलायसा?’

आकाराम उद्यमनगरात लेथवर असतो.
भोंगा व्हायच्या आधी बारा पानं,
तेरावं नाही.
कोपरा दुमडायचा नाही म्हणून
पत्र्याची पट्टी खुणेला ठेवतो,
कडा घासून घासून मऊ केलेली,
बोटाला लागू नये अशी.

आदगोंडा गुळाच्या अडतीत दिवाणजी.
वाचलेल्या प्रत्येक पानाखाली
पेन्सिलीनं बरोबरची बारीक खूण करतो,
उद्या पानानं नाकारलं तर?

हिंदुराव केएमटीतून रिटायर झाले,
तेव्हापासून मोठ्यानं वाचतात.
बायकोला कमी ऐकू येतं.
समोरच्या इस्त्रीवाल्याच्या
अर्ध्या कादंबऱ्या त्यातच झाल्या.

शहनाज शिकलगार, रात्रपाळीची नर्स,
पुस्तक मागून सुरू करते.
‘कोण मरतंय ते आधी कळलं
की निवांत वाचता येतं.’
आम्ही हसतो. ती ग्लास धुऊन ठेवते
आणि ड्यूटीवर जाते.

माझं झेरॉक्सचं दुकान.
दिवसभर लोकांची पानं काढते,
माझं एक पुढं सरकत नाही.

तर, लक्ष्मीपुरीतल्या रद्दीत
हिंदुरावांना एक जाड पुस्तक मिळालं.
कव्हर नाही, नाव नाही, वीस रुपये.
बावीस वर्षांनी एक माणूस घरी परत येतो,
एवढीच गोष्ट, पण लई लांबची.
पाच आठवडे ते आमच्यात फिरलं.

‘शेवट झकास,’ हिंदुराव म्हणाले.
‘बायको दार उघडते आणि म्हणते,
हातपाय धुऊन घ्या. बस्स.’

पुढच्या बुधवारी आकाराम म्हणाला,
‘दार लगेच नाही उघडत हो.
बिजागरी गंजलेली असते.
आधी तो तिला तेल घालतो, मग.’
‘हां हां, ते तेल,’ हिंदुराव म्हणाले,
‘सांगायचं राहिलंच माझं.’

आदगोंडा म्हणाला,
‘बावीस वर्षांचा हिशेब कुणी विचारतच नाही.
तेवढं मला पटलं न्हाई.’

शहनाजनं दूध अर्धं ठेवलं.
‘दार बायको उघडत नाही,’ ती म्हणाली.
‘ती गेलेली असते.
मुलगी उघडते. विचारते, कोण पाहिजे?’

म्हशीनं शेपटी झटकली.
हिंदुरावांनी आकारामकडं पाहिलं,
आकारामनं बादलीकडं.
‘तसंच हाय,’ हिंदुराव हळू म्हणाले.
‘मी जरा घाईत वाचलं असंल.’

मग पुस्तक माझ्याकडं आलं.
रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून
शेवटाला पोचले.
पान दोनशे चौऱ्याण्णव.
माणूस कडी वाजवतो.
आतून कुणीतरी म्हणतं, ‘आले, आले.’
आणि पुढं
शिलाईचा सुटलेला दोरा,
आठ-दहा पानांच्या जागी
वाळलेली खळ.

पानाखाली आदगोंडाची खूण.
आणि खळीवर,
जिथं वाचायला काहीच नाही तिथं,
अजून एक खूण. बरोबर.

मी खूप वेळ बसून राहिले.
आवाज कुणाचा ते
परत परत वाचून बघितलं.
शहनाजनं तर सुरुवातच इथून केली असणार.

बुधवारी ग्लास हातात आल्यावर
चौघं माझ्याकडं बघत राहिले.
फेस बसला, दूध निवलं,
हिंदुरावांनी नेहमीचं विचारलंसुद्धा नाही.
‘झालं का वाचून?’ शेवटी आकाराम म्हणाला.

‘दोन पानं राहिलीत,’ मी म्हणाले.

आदगोंडानं खिशातली पेन्सिल
उगाच वर काढून परत ठेवली.
‘असू दे की,’ हिंदुराव म्हणाले,
‘सावकाश वाच.
दार काय पळून जातंय?’
आणि माझ्यासाठी
अजून एक अर्धा ग्लास सांगितला.