नर का मादी

सावळजला कार्यक्रम बेदाण्याच्या शेडमध्ये घेतला,
शाळेचे पत्रे वावटळीत गेले होते म्हणून.
मिरजेहून एसटीत मांडीवर स्टीलचा डबा,
डब्यात बर्फ, बर्फात मेंदू.
शेळीचा का बोकडाचा, विचारायचं राहिलं होतं.
शेजारीण म्हणाली, वास कसला हो?
म्हटलं, डबा आहे जेवणाचा.

समोर तीसेक पोरं.
मागं निवडायला बसलेल्या बाया,
हिरवा, पिवळा, काळा,
बोटं थांबत नव्हती, माना वर होत नव्हत्या.

हा मोठा मेंदू, हा लहान,
ही शेपटी पाठीच्या कण्याकडं जाते.
पाठ केलेलं सगळं नीट आलं.
मग आठवीतला संग्राम म्हणाला,
बाई, गणिताचा भाग पोरांचा मोठा असतोय ना?
क्लासचे सर म्हणत होते.

मी ताट पुढं केलं.
मग सांग, हा नराचा का मादीचा?

सगळे वाकले.
एक म्हणाला, नर, वजनदार दिसतोय.
एक म्हणाली, मादी, किती घड्या पडल्यात, काळजीनं.
हशा झाला, बायांतही.

दारात दस्तगीरचाचा मुलाणी, लेकीला न्यायला आलेले.
तीस वर्सं कापतोय, ते म्हणाले.
दात बघून वय सांगतो, कातडं बघून चारा सांगतो.
पण कवटी फोडल्यावर आत बघून नर का मादी?
नाय बा. अजून तरी नाय जमलं.

त्यावर मी माझी चार वाक्यं जोडली:
सरासरीत फरक सापडतात थोडेफार,
पण एक डोकं उचलून त्यातनं गणित वाचता येत नाही,
आणि मेंदू वापराल तसा घडत राहतो.
चाचांपुढं ती फिकीच पडली.

मग म्हटलं, हातात कोण घेणार?
आणि ताट घेऊन निघाले
मुलांच्या रांगेकडं.

तीन पावलं.

तिकडं कुठं?
तानूबाईनं विचारलं, सुपातनं नजर न काढता.
पोरींच्या हाताला काय झालंय?

शमशादनं दोन्ही हातांची ओंजळ केली.
गार हाय, म्हणाली.
मग बराच वेळ काहीच म्हणाली नाही.

परतीच्या एसटीत डबा रिकामा,
पर्समध्ये पुडीभर बेदाणे,
काळे, निवडीत बाजूला पडलेले.
एकेक खात शोधत बसले
ती तीन पावलं माझ्या कुठल्या घडीत होती,
कुणी ठेवली, कधी.
तासगाव गेलं.
कवठे एकंद गेलं.